विश्लेषण : दर आठवड्याला दोन मॅरेथॉनइतकी चाल, तीही तेरा वर्षे! गागोद्याच्या विनोबांनी ही क्षमता कशी कमावली?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वेध लागले, की अलिबाग, वरसोली, नागावच्या किनाऱ्यांवर आणि पेणच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारे दिसू लागतात. नोकरी-धंदा सांभाळून धावणारी ही मंडळी. आठवड्याला किती किलोमीटर झाले, रविवारी किती लांब पळायचे, गुडघा कुरकुरतोय तर एक दिवस विश्रांती घ्यावी का, हे त्यांचे रोजचे प्रश्न. याच रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाने पन्नाशी उलटल्यावर, पोटाचे दुखणे बरोबर घेऊन, तेरा वर्षे जवळपास रोज पायी प्रवास केला. आचार्य विनोबा भावे धावपटू नव्हते आणि शर्यत त्यांच्या स्वप्नातही नव्हती. पण लांब पल्ल्याचे शरीर कसे घडते, याचे इतके तपशीलवार उदाहरण आपल्या भागात दुसरे सापडणे अवघड. आणि त्या चालीतून हाती आलेल्या लाखो एकर जमिनीचे पुढे काय झाले, हा प्रश्न तर अजून मिटलेला नाही.

आठवड्याचा हिशेब काय सांगतो?

विनोबा ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून निघाले आणि १० एप्रिल १९६४ रोजी पवनारला परतले. या काळात ते एकूण किती चालले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. कमीत कमी ५८ हजार किलोमीटर, जास्तीत जास्त ७० हजार. तेरा वर्षांचे साधारण ६८० आठवडे धरले, तर आठवड्याला ८५ ते १०३ किलोमीटर पडतात. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. म्हणजे दर आठवड्याला दोन ते अडीच मॅरेथॉन.

मॅरेथॉनची तयारी करणारा हौशी धावपटू आठवड्याला ४० ते ७० किलोमीटर पळतो, आणि तेही चार-सहा महिने. अर्थात पळणे आणि चालणे यांची बरोबरी करता येत नाही. पळताना प्रत्येक पावलाला सांध्यांवर पडणारा भार चालण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण विनोबांच्या आकड्यात खरी दाद द्यायची ती अंतराला नाही. रोजचे अंतर फार मोठे नव्हतेच, दहा-बारा मैल, म्हणजे १६ ते १९ किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरीही साधारण याच बेताने टप्पे गाठतो. फरक इतकाच, की वारी अडीच-तीन आठवड्यांत पंढरपूरला पोहोचते. इथे पंढरपूर दरवेळी पुढच्या गावाला होते.

गागोद्यात काय शिकले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोद्याचा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता; त्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये, विनोबांच्या निधनाच्या एक वर्ष आधी. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. विनायकाचे बालपण आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभूराव यांच्या सहवासात गेले. आजोबा चांद्रायण व्रत करीत. शुद्ध प्रतिपदेला एक घास, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवत पौर्णिमेला पंधरा, आणि मग तसेच एकेक घास कमी करत अमावास्येला उपास. धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी, रोज थोडे वाढवायचे आणि मोजून वाढवायचे ही रीत या मुलाने घरातच पाहिली होती. पुढे हीच रीत एका अगदी वेगळ्या कामी आली.

दहा वर्षांच्या आसपासचा असताना तो बडोद्याला गेला. शाळेपेक्षा वाचन आणि भटकंती या दोन गोष्टींचे वेड अधिक. ब्रह्मचर्याचा संकल्प केल्यावर त्याने पायांतल्या वहाणा सोडल्या आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यांवर अनवाणी फिरला. त्या हट्टाचा डोळ्यांवर परिणाम झाला, असे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केले आहे. शरीराला सोसायला लावले म्हणजे ते घडतेच असे नाही, हा धडा त्यांना असा महागात मिळाला.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. पुढचे आयुष्य त्या भेटीने ठरवले.

वाईच्या वर्षात सराव कसा होता?

आश्रमात गेल्यावर वर्षभरातच विनोबांची प्रकृती ढासळली. १९१७ मध्ये त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकायला गेले. या वर्षाचा हिशेब त्यांनी फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना पत्राने कळवला. त्यात अभ्यास किती झाला हे आहेच, पण व्यायामाचाही चोख जमाखर्च आहे. प्रकृती सुधारण्यासाठी आधी रोज दहा-बारा मैल चालणे. मग जात्यावर सहा ते आठ शेर दळण. त्यानंतर रोज तीनशे सूर्यनमस्कार आणि चालणे.

आजचा कोणताही प्रशिक्षक यातला क्रम लगेच ओळखेल. आधी दम, मग ताकद, मग दोन्ही एकत्र. जाते ओढताना खांदे, पाठ, कंबर कामाला लागतात. जिममधल्या वजनांइतकेच ते अंग मोडते. याच वर्षात विनोबा महाराष्ट्राच्या चार-पाच जिल्ह्यांत मिळून सुमारे चारशे मैल पायी फिरले, सिंहगड-तोरण्यासारखे किल्ले चढले आणि वाटेत गावोगाव गीतेवर बोलले. चालत जायचे, मुक्कामी लोकांशी बोलायचे आणि पुन्हा चालायला लागायचे, हा भूदानाचा साचा वयाच्या बाविसाव्या वर्षीच तयार झाला होता, असे म्हणायला हरकत नाही. वर्ष संपताच ते आश्रमात हजर झाले.

८८ पौंडांचा माणूस पुन्हा उभा कसा राहिला?

विनोबांच्या चरित्रात स्वातंत्र्यलढा, तुरुंग, धुळ्याच्या कारागृहातली १९३२ ची गीता-प्रवचने यांना मोठी जागा मिळते, आणि ते योग्यच आहे. पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ १९३८ चा. अतिश्रम आणि अपुरा आहार यांमुळे त्या वर्षी त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले होते. गांधीजींना काळजी वाटली. थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा आग्रह झाला. विनोबांनी जवळचेच ठिकाण निवडले. वर्ध्यापासून काही मैलांवर, धाम नदीच्या काठी, पवनार. ७ मार्च १९३८ रोजी ते तिथे गेले. जाताना आश्रमाचे सारे विचार, सारी जबाबदारी मनातून काढून टाकायची, असे त्यांनी ठरवले होते. विश्रांती घ्यायची तर पूर्ण घ्यायची.

मग त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी आवारातली जमीन फक्त पाच मिनिटे खणली. दुसऱ्या दिवशी सात मिनिटे. पुढे रोज दोन-दोन मिनिटांची वाढ. खणतानाही मधे काही क्षण थांबायचे, श्वास सावरायचा आणि पुन्हा घाव घालायचा. चाळिशी ओलांडलेला, हाडांचा सापळा झालेला माणूस पहिल्या दिवशी तासभर राबला असता तर दुसऱ्या दिवशी उठलाच नसता. आजोबांच्या चांद्रायणातला एकेक घास इथे मिनिटांत उतरला होता. दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढून १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो झाले.

नवख्या धावपटूंना दुखापत होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. दम लवकर वाढतो. स्नायूबंध, सांधे आणि हाडे मागे राहतात. दोन आठवड्यांत छातीला वाटते की आता दुप्पट पळू शकतो, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी किंवा घोटा बोलू लागतो. पाच मिनिटांनंतर कुदळ खाली ठेवणे हे पाच मिनिटे खणण्यापेक्षा कठीण असते.

गाडी, विमान असताना पायीच का?

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबांची जायची तयारी नव्हती. सहकाऱ्यांचा आग्रह झाला तेव्हा, येतो पण चालत येतो, असे ठरले. सुमारे तीनशे मैलांची ही वाट. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणात शिरले. जमिनीच्या प्रश्नावर तिथे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा सुरू होता. रात्री बंडखोर येत, दिवसा पोलीस. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमिनीची मागणी केली. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबांनी गावालाच विचारले. रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देऊ केले. भूदानाची सुरुवात ही अशी, ठरवून न केलेली. पुढच्या ५१ दिवसांत १२,२०१ एकर जमीन मिळाली.

त्याच वर्षी नियोजन मंडळाशी चर्चेसाठी पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. विमानाची सोय होऊ शकत होती. विनोबा १२ सप्टेंबरला पवनारहून चालत निघाले आणि सुमारे आठशे मैल तुडवून दोन महिन्यांनी दिल्लीत पोहोचले. तोपर्यंत देशाच्या राजधानीला थांबावे लागले.

यात हट्ट होता, तसा हिशेबही होता. मोटारीतून आलेल्या पुढाऱ्याला जमीनदार हार घालतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो. पहाटेपासून दहा मैल चालून दारात आलेल्या, दह्यावर राहणाऱ्या साठीच्या माणसाला नुसत्या हारावर परत पाठवणे अवघड जाते. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे त्यांचे मागणे असे. त्या मागण्याला वजन होते ते त्या पायांचे.

पदयात्रेतला दिवस कसा असे?

पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि चारच्या आसपास कंदिलाच्या उजेडात कूच. उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत बरेचसे अंतर कापलेले असे. कोकणातल्या दमट हवेत धावणाऱ्यांना या वेळेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सूर्य वर आला की तोच वेग राखायला हृदयाला जास्त कष्ट पडतात. विनोबांची चाल झपाझप होती. देशोदेशींहून आलेले तरुण पाहुणे त्यांच्या मागे अक्षरशः पळत, असे वर्णन अनेकांनी केले आहे.

सकाळीच पुढच्या गावी पोहोचायचे. मग गावकऱ्यांच्या भेटी, पत्रव्यवहार, सूतकताई, वाचन, दुपारनंतर प्रार्थनासभा आणि दानपत्रे. रात्री लवकर झोप. आहार मोजका, मुख्यतः दूध-दही आणि थोडा गूळ किंवा मध. याला कारण वैराग्य होते तसेच आतड्यातला व्रणही होता. दिवसभरात थोडे थोडे, अनेकदा खायचे. आजचा क्रीडा-आहारतज्ज्ञ या ताटात प्रथिने आणि एकूण उष्मांक कमी पडतात म्हणून नाक मुरडेल, आणि त्याचे चुकणार नाही. विनोबांचा आहार कुणी जसाच्या तसा उचलू नये. मात्र रोज त्याच वेळी झोप, त्याच वेळी जाग आणि रात्रीचे जागरण नाही, हे उचलण्यासारखे आहे.

शरीराने दगा कधी दिला?

डिसेंबर १९५२ मध्ये, बिहारच्या यात्रेत चांडील येथे. विनोबांना मलेरियाने गाठले आणि ताप इतका चढला की जगण्याची आशा सोडावी असे वाटू लागले. आधी त्यांनी औषध नाकारले. देशभरातून विनवण्या झाल्या, तेव्हा घेतले. जवळपास तीन महिने यात्रा चांडीललाच थांबली. आधी काशीत पावसाळ्याचा मुक्काम झाला होता आणि पुढे १९६० मध्ये इंदूरलाही महिनाभर ते राहिले. तेरा वर्षांत एकही दिवस खंड नाही, ही समजूत भक्तांची आहे. प्रत्यक्षात खंड होते, आणि ते होते म्हणूनच पुढची वर्षे झाली.

१९५९ च्या पावसाळ्यात, ६४ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी काश्मीरमध्ये पीर पंजालची सुमारे साडेतेरा हजार फुटांची खिंड पायी ओलांडली. १९६२ च्या सप्टेंबरात ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात चालले आणि तिथेही जमीन मागितली.

मिळालेल्या जमिनीचे पुढे काय झाले?

इथे चालण्याचा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडावा लागतो. तेलंगणात ५१ दिवसांत १२,२०१ एकर, म्हणजे दिवसाला सुमारे २४० एकर. नंतर भूदानाने उद्दिष्ट ठरवले ते १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचे. दिवसाला २४० एकर या गतीने त्याला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागली असती. एकट्याच्या पायांनी ते होणार नव्हते, हे विनोबांनाही ठाऊक होते. बिहारमध्ये २७ महिन्यांत २२ लाख एकरांवर आकडा गेला, तो जयप्रकाश नारायण यांच्यासारखे कार्यकर्ते उतरले आणि बड्या जमीनदारांनी मोठी दाने जाहीर केली म्हणून.

कागदावरची ही जमीन शेतात मोजायला गेल्यावर मात्र अडचण झाली. काही खडकाळ होती, काही जंगल, काही नदीपात्रातली. काहींवर आधीच खटले होते. काही दात्यांच्या मुलांनी दान नाकारले. राज्यांनी भूदान कायदे केले, समित्या नेमल्या, पण मोजणी, फेरफार, ताबा ही कामे तलाठ्याच्या दप्तरात अडकली. देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली. भूमिहीनांच्या हाती पडली ती त्यातली निम्म्याच्या आसपास. कम्युनिस्टांचा आक्षेप आणखी तिखट होता. जमीनदारांनी नापीक तुकडे देऊन पुण्य कमावले आणि सक्तीच्या फेरवाटपाची धार बोथट झाली, असे त्यांचे म्हणणे.

विनोबांच्या स्वतःच्या जिल्ह्यात दुसरी वाट आधीच चोखाळली गेली होती. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा संप केला. शेते पडीक ठेवली, हाल सोसले. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. चरीची माणसे एकाच जागी पाय रोवून राहिली. विनोबा रोज उठून पुढच्या गावाला गेले. पहाटे चारला निघण्याच्या ज्या नियमाने ते हजारो गावांत पोहोचले, त्याच नियमाने ते प्रत्येक गावातून दुसऱ्या दिवशी निघूनही गेले. मागे उरलेले दानपत्र निभावायला तितकाच चिवट माणूस प्रत्येक गावात नव्हता. ग्रामदानाकडे वळून, म्हणजे तुकड्याऐवजी साऱ्या गावाची जमीन एकत्र मागून, त्यांनी यावर उत्तर शोधले. ते थोड्या ठिकाणी टिकले, बऱ्याच ठिकाणी नाही.

चालणे थांबले तेव्हा?

१९६५ मध्ये बिहारच्या तुफान यात्रेसाठी विनोबा मोटारीत बसले. वय सत्तरीला आले होते. ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारच्या आश्रमापुरते स्वतःला बांधून घेतले. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, सर्वोदय परिवारात त्यावरून फूटही पडली. आश्रमात मात्र ते रोज आवारातला केरकचरा, वाळलेली पाने वेचत बसत. पाच मिनिटे खणून जिथे सुरुवात केली होती, तीच ही जागा.

नोव्हेंबर १९८२ च्या सुरुवातीला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरत असताना त्यांनी अन्न, पाणी आणि औषध बंद केले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारला त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. गागोद्यातले जन्मस्थान पेणहून जाऊन पाहता येते.